एका रात्रीची दोन उत्तरं: बॉब मार्ले, पीटर टॉश आणि जमैका



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानं मला विचारलं, "सर, आयुष्यभर कांट शिकवलात आणि आता रेगे?" त्याला म्हटलं, जरा दम धर, कांटही येणार आहे.

लंडनमध्ये शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तिथं नाटकांची थिएटरं जवळजवळ ओळीनं उभी आहेत. त्यातल्या 'लिरिक' थिएटरात ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२३ या काळात बॉब मार्लेच्या आयुष्यावरचं एक संगीत नाटक चाललं. नाव होतं 'गेट अप, स्टँड अप! द बॉब मार्ले म्युझिकल'. लेखन ली हॉल यांचं. 'बिली एलियट' लिहिणारे तेच. दिग्दर्शन क्लिंट डायर यांचं. सुरुवातीच्या संचात अरिंझे केने मार्लेची भूमिका करत आणि गॅब्रिएल ब्रुक्स त्याच्या पत्नीची, रीटाची. २०२२ मध्ये मुलीकडे गेलो असताना मी ते पाहिलं. पण आज मला नाट्यपरीक्षण करायचं नाही. नाटकाच्या नावातच इतिहासाचा एक प्रश्न दडलेला आहे, तो आपल्यापुढे ठेवायचा आहे.

नाव पुन्हा ऐका. पहिला अर्धा भाग म्हणजे एका गाण्याचं शीर्षक. 'उठा, हक्कासाठी उभे राहा' अशा आशयाचं हे गाणं १९७३ सालचं. ते दोघांनी मिळून लिहिलं, बॉब मार्ले आणि पीटर टॉश यांनी. नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र एकच माणूस उरतो. टॉश हे पात्र नाटकात आहे, पण पाटीवर नाही. आता कोणी म्हणेल, नाटक मार्लेवर आहे, तर नाव मार्लेचंच असणार. बरोबर आहे. पण या दोन माणसांनी १९७८ सालच्या एका रात्री, एकाच मंचावरून, एकाच प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातलं एक उत्तर जगभर गेलं आणि दुसरं मागे पडलं. हे का झालं, हा आजचा विषय.

आधी नाटकाच्या प्रकाराबद्दल दोन शब्द. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून पदं नाटकासाठी रचली जात. प्रेक्षक पद ऐकून 'वन्स मोअर' देत आणि कथा तेवढी थांबत असे. या लंडनच्या नाटकात उलटं आहे. गाणी आधीची, सगळ्यांना पाठ. नाटक नंतर त्यांच्याभोवती गुंफलेलं. त्यामुळे प्रेक्षक ओळखीच्या गाण्याची वाट पाहत बसतो. शेवटाकडे सगळं सभागृह उठून नाचतं. मंचावर मोठमोठ्या स्पीकरांच्या भिंती रचलेल्या असतात. किंग्स्टनच्या गल्ल्यांत 'साऊंड सिस्टिम' म्हणून असेच स्पीकर लावून लोक नाचत, त्याची ती खूण.

आणि रेगेच्या तालाबद्दल एक गोष्ट, कारण आपल्याला ती चटकन कळेल. आपण समेची वाट पाहतो. सम आली की मान हलते. रेगेच्या 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा ढोलवादक मोकळी सोडतो आणि जोर तिसऱ्या मात्रेवर देतो. म्हणजे जिथं ठोका यायला हवा तिथंच शांतता. मार्लेचा ढोलवादक कार्लटन बॅरेट या ठेक्याचा उस्ताद होता.

आता जमैका. १६५५ मध्ये इंग्रजांनी हे बेट स्पॅनिशांकडून घेतलं आणि तिथं उसाचे मळे वाढवले. मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं जहाजांत कोंबून आणली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला, आणि जमैकातले गुलाम प्रत्यक्ष मुक्त झाले १ ऑगस्ट १८३८ रोजी. 'गुलामगिरी' हा शब्द मराठी वाचकाच्या मनावर कोरला तो जोतीराव फुल्यांनी, १८७३ मध्ये. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतली गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

त्या १८३३ च्या कायद्यातलं एक कलम लक्षात ठेवा. ब्रिटिश सरकारनं दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कुणाला? मालकांना. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणूक सोसली, त्यांना एक पैही मिळाली नाही. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब ब्रिटिश तिजोरीनं मिटवला तो २०१५ साली. म्हणजे मार्लेला जाऊन ३४ वर्षं झाल्यावर! 'झालं गेलं विसरून जा' असं जमैकन माणसाला सांगणं किती अवघड आहे, हे या एका तारखेवरून कळावं.

गुलाम सुटले तेव्हा मळ्यांना मजूर हवे होते. मग १८४५ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर गेले. पुढच्या सत्तर-बाहत्तर वर्षांत सुमारे ३६ हजार. त्यांच्याबरोबर एक शब्दही गेला: गांजा. रास्ताफारी लोक ज्याला पवित्र मानतात त्या वनस्पतीचं जमैकातलं नाव आजही आपलंच आहे.

रास्ताफारी म्हणजे काय? मार्कस गार्वी नावाचे जमैकन नेते होते. जन्म १८८७ चा, सेंट ॲन परगण्यातला. मार्लेही त्याच परगण्यातला. जगभरच्या काळ्या माणसांनी स्वतःकडे आफ्रिकेच्या नजरेनं पाहावं, असं गार्वी सांगत. १९३० मध्ये इथिओपियात रास तफारी हे हैले सेलासी या नावानं सम्राट झाले. जमैकातल्या काही गरीब लोकांना वाटलं, हाच तो तारणहार. बायबलातल्या ज्यूंना बॅबिलोनमध्ये बंदिवासात ठेवलं होतं, तसे आपण इथं बंदिवासात आहोत, अशी त्यांची धारणा झाली. पोलीस, कचेरी, मळेवाला, राणीचं सरकार, हे सगळं मिळून 'बॅबिलोन'. तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचं तर अन्याय एखाद्या वाईट माणसाकडून होतो असं ते मानत नाहीत. तो रचनेतच असतो, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा धरून ठेवा. पुढे लागणार आहे.

बॉब मार्ले जन्मला ६ फेब्रुवारी १९४५ रोजी, नाइन माइल या खेड्यात. आई सेडेला काळी, वडील नॉर्व्हल मार्ले गोरे आणि बहुतेक काळ गैरहजर. आईबरोबर तो किंग्स्टनच्या ट्रेंच टाऊन वस्तीत आला. तिथं पीटर टॉश आणि बनी हे मित्र मिळाले, आणि १९६३ च्या सुमारास 'वेलर्स' हा गट उभा राहिला. जमैका नुकताच, ६ ऑगस्ट १९६२ ला, स्वतंत्र झाला होता.

स्वातंत्र्यानंतर काय झालं, ते आपल्यालाही ओळखीचं वाटेल. दोन पक्ष: जमैका लेबर पार्टी आणि पीपल्स नॅशनल पार्टी. घरं, नोकऱ्या, पाण्याचे नळ पक्षामार्फत मिळू लागले. पश्चिम किंग्स्टनमध्ये बॅक-ओ-वॉल नावाची झोपडपट्टी होती, रास्ताफारींचीही वस्ती तिथं होती. १९६६ मध्ये तिच्यावर बुलडोझर फिरला आणि त्या जागी टिव्होली गार्डन्स ही नवी वसाहत झाली. ती लेबर पार्टीचे एडवर्ड सियागा यांचा बालेकिल्ला बनली. समोरच्या पक्षानंही आपल्या वसाहती केल्या. घर हवं तर मत द्या, मत वेगळं असेल तर घर सोडा. मग दोन्हीकडच्या पोरांच्या हातात बंदुका आल्या.

गंमत अशी की या राजकारणात संगीत पहिल्यापासून होतं. सियागा स्वतः एके काळी ध्वनिमुद्रिका काढत असत. दुसऱ्या बाजूचे मायकेल मॅनली १९७२ च्या निवडणुकीत रेगे गायकांना घेऊन सभा करत. हैले सेलासींनी दिलेली काठी ते सभांत मिरवत. गाणं बाहेरून राजकारणात आलं, असं म्हणताच येत नाही.

१९७३ मध्ये लंडनच्या 'आयलंड' कंपनीनं वेलर्सची 'कॅच अ फायर' ही तबकडी काढली आणि गट जगापुढे आला. थोड्याच दिवसांत टॉश आणि बनी बाहेर पडले. पुढे नाव राहिलं 'बॉब मार्ले अँड द वेलर्स'. पाटीवरून दोन नावं पुसली गेली ती नाटकाच्या कितीतरी आधी!

१९७६ च्या डिसेंबरसाठी मार्लेनं किंग्स्टनमध्ये एक मोफत कार्यक्रम जाहीर केला. लगेच पंतप्रधान मॅनलींनी निवडणूक लावली. साहजिकच तो कार्यक्रम सरकारी बाजूचा वाटू लागला. ३ डिसेंबरला रात्री बंदूकधारी मार्लेच्या घरात शिरले. त्याच्या छातीला चाटून गोळी दंडात गेली, रीटाच्या डोक्याला लागली, व्यवस्थापक डॉन टेलर गंभीर जखमी झाला. ५ डिसेंबरला मार्ले मंचावर गायला. रीटाही गायली, डोक्याला बँडेज बांधून. मला सांगावंसं वाटतं की या प्रसंगातला नायक एकटा नव्हता. नाटकानं रीटाला चांगली जागा दिली आहे. 'नो वुमन, नो क्राय' या गाण्याचा नेहमीचा अर्थ पुरुषानं बाईला दिलेला धीर. तेच गाणं रीटाच्या तोंडी आलं की अर्थ बदलतो. हे संगीत नाटकच करू शकतं, इतिहासाचं पुस्तक नाही. श्रेय द्यायलाच हवं.

त्यानंतर मार्ले देश सोडून लंडनमध्ये राहिला. तिथं १९७७ मध्ये 'एक्सोडस' आली. लंडनही कोरी पाटी नव्हती. १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन माणसांना घेऊन आलं, तेव्हापासून बसगाड्या आणि इस्पितळं चालवायला ही माणसं येतच राहिली. त्यांच्या मुलांनी पोलिसांचा जाच सोसला. २०१८ मध्ये तर उघड झालं की आयुष्य इथं काढलेल्या म्हाताऱ्यांना कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवलं जात होतं. लिरिकच्या प्रेक्षागृहात त्यांची नातवंडं होती. त्यांच्यासाठी ते केवळ करमणुकीचं नाटक नव्हतं.

आता मुख्य रात्रीकडे येऊ. जानेवारी १९७८ मध्ये किंग्स्टनच्या दोन टोळ्यांच्या म्होरक्यांनी तह केला. एक क्लॉडी मासप, लेबर पार्टीच्या बाजूचा. दुसरा बकी मार्शल, मॅनलींच्या पक्षाच्या बाजूचा. तह टिकावा म्हणून मोठा कार्यक्रम करायचं ठरलं आणि मासप मार्लेला बोलवायला लंडनला गेला. २२ एप्रिल १९७८ रोजी राष्ट्रीय स्टेडियमवर 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट' झाला. पंतप्रधान मॅनली आणि विरोधी नेते सियागा दोघंही प्रेक्षकांत होते.

मार्लेच्या आधी टॉश गायला. तो नुसता गायला नाही, गाण्यांच्या मधे बराच वेळ बोलला. समोर बसलेल्या दोन्ही नेत्यांना त्यानं सुनावलं. पोलीस गरिबांना कसे मारतात, गांजासाठी कसे तुरुंगात टाकतात, हे सांगितलं. शांततेच्या कल्पनेबद्दलच शंका घेतली. मंचावरच त्यानं गांजा ओढला. आदल्याच वर्षी त्याची 'इक्वल राइट्स' आली होती. हक्क आणि न्याय मिळाल्याशिवायची शांतता मला नको, असा तिचा आशय.

नंतर मार्ले आला. गाता गाता त्यानं मॅनली आणि सियागा यांना मंचावर बोलावलं, दोघांचे हात हातात घेतले आणि डोक्यावर उंच धरले. ते छायाचित्र आपण पाहिलं असेल. दीड वर्षापूर्वी गोळी खाल्लेला माणूस असं करतो, यात खरं धैर्य आहे. त्याला मी भाबडेपणा म्हणणार नाही.

आता कांट. १७९५ साली त्यानं शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं पहिलंच कलम असं: पुढच्या युद्धाची सामग्री मनात राखून केलेला करार ही शांतता नव्हे. ती नुसती युद्धबंदी. मराठीत हा फरक आपण शब्दांतच केलेला आहे. 'तह' वेगळा, 'सलोखा' वेगळा. तहात शस्त्रं म्यान होतात, म्यानं मात्र कमरेलाच राहतात. कांट पुढे म्हणतो की शांतता आपोआप नसते, ती स्थापन करावी लागते, म्हणजे कायद्यानं, व्यवस्थेनं. आता पाहा, त्या रात्री हात धरले गेले. घर मिळवण्यासाठी मत गहाण टाकण्याची व्यवस्था मात्र जशीच्या तशी राहिली.

पुढची हकिगत थोडक्यात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलिसांनी टॉशला बेदम मारलं. फेब्रुवारी १९७९ मध्ये मासप पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. १९८० मध्ये मार्शल न्यूयॉर्कमध्ये मारला गेला. त्याच वर्षी निवडणुकीच्या धुमाळीत जमैकात ८०० हून अधिक माणसं मेली. सियागा पंतप्रधान झाले. हात धरल्याला तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती.

मग टॉश बरोबर आणि मार्ले चूक, असा निकाल द्यायचा का? इतकं सोपं नाही. १९७६ मध्ये मार्लेनं 'वॉर' गायलं होतं. हैले सेलासींनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या भाषणावरून ते घेतलेलं आहे. वंशश्रेष्ठत्वाचा विचार मोडल्याशिवाय शांतता येणार नाही, हेच त्याचं सार. म्हणजे टॉशचं उत्तर मार्लेच्याही पोटात होतं. १८ एप्रिल १९८० ला झिम्बाब्वे स्वतंत्र झालं तेव्हा तो स्वतःच्या खर्चानं तिथं गायला गेला. आत पाहुणे आणि नेते, बाहेर दारं बंद झाल्यामुळे अडकलेली सामान्य माणसं. ती आत घुसू लागली तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर सोडला. धूर मंचापर्यंत आला आणि वादकांना खाली उतरावं लागलं. स्वातंत्र्याची पहिली रात्र, स्वातंत्र्याचं गाणं, आणि डोळ्यांत धूर. पुढे थोड्या वेळानं मार्ले परत मंचावर गेला आणि गायला.

११ मे १९८१ ला कर्करोगानं तो गेला, वय ३६. टॉश ११ सप्टेंबर १९८७ रोजी किंग्स्टनमधल्या घरी दरोडेखोरांच्या गोळ्यांना बळी पडला. देशानं मार्लेला 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिलं ते १९८१ मध्ये, टॉशला २०१२ मध्ये.

१९८४ मध्ये मार्लेच्या निवडक गाण्यांची 'लेजंड' ही तबकडी निघाली. कोट्यवधी प्रती खपल्या. जगाला माहीत असलेला मार्ले बहुतांशी तिच्यातून आलेला आहे. तिच्यात 'वन लव्ह' आहे. 'वॉर' नाही, 'झिम्बाब्वे'ही नाही. 'वन लव्ह' पुढे जमैकाच्या पर्यटन खात्याच्या जाहिरातींत वाजलं. पाहा, मार्लेच्या मनातली दोन उत्तरं आधी छाटली गेली आणि एक उरलं. टॉश मागे पडला तो या छाटणीतच. मार्लेमधला टॉशही तिथंच गळला.

चरित्रनाट्याची अडचण इथं आहे. एका माणसाचं आयुष्य अडीच तासांत बसवायचं, शेवटी प्रेक्षकाला उठवायचं. त्यासाठी गाठ सुटावी लागते. जमैकाची गाठ सुटलेली नव्हती. दुसरं उत्तर जपून ठेवणं, हे मग इतिहासाचं काम उरतं. शांतता आली असं जेव्हा कोणी सांगेल, तेव्हा कुणाचे हात धरले गेले हे पाहायचं, आणि कोण अजून दाराबाहेर उभं आहे, हेही विचारायचं.

इथं थांबतो. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

(एका श्रोत्याचा प्रश्न: मग सर, अशी नाटकं पाहू नयेत का?)

पाहावीत की! मी तर शेवटी उभा राहून टाळ्या वाजवत होतो, गुडघे दुखत असताना. नाटकानं मला मार्लेजवळ नेलं. मी एवढंच म्हणतो की तिथं थांबू नका. त्या रात्री टॉश जे गायला आणि बोलला ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे, पुढे त्याची तबकडीही निघाली. ते छायाचित्र समोर ठेवा आणि ती तबकडी लावा. दोन्ही एकदम सहन होणं कठीण जातं. ते कठीण जाऊ द्या.